वीस मिनिटांत रिपोर्ट, दुसऱ्या दिवशी फेरतपासणी: अर्जंट कामात क्वालिटी कशी सांभाळायची?



आमच्या प्रत्येक बॅचमध्ये एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "सर, क्वालिटी वगैरे सगळं ठीक आहे, पण ऑर्डर अर्जंट असली की तपासायला वेळ कुठे असतो?" वाक्य बोलणारा प्रामाणिक असतो. दोन मशीन, तीन माणसं, समोर पार्टी उभी, गाडी लागलेली. अशा वेळी क्वालिटीचं लेक्चर कोणाला ऐकायचंय?

तरीही मला हे वाक्य पटत नाही. का पटत नाही ते व्हिडिओत थोडक्यात सांगितलं, पण तिथे उदाहरण पूर्ण मांडायला वेळ पुरला नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. उदाहरण धंद्यातलं नाही, ऑपरेशन थिएटरमधलं आहे. तुमच्या-माझ्या कुठल्याही अर्जंट ऑर्डरपेक्षा जास्त अर्जंट असं ते काम आहे. त्यात चूक झाली तर "माल बदलून देतो" म्हणायची सोय नाही. आणि तरीही त्या कामात क्वालिटी तपासली जाते, मोजली जाते, लिहून ठेवली जाते. ते कसं, हे बघितलं की आपल्या सबबी जरा कमी होतात.

काम काय असतं?

समजा एखाद्या पेशंटच्या गाठीचं ऑपरेशन चालू आहे. पेशंट भुलीखाली आहे. सर्जनला आत्ता, याच क्षणी ठरवायचंय की गाठ साधी आहे की कॅन्सरची? नुसती गाठ काढून थांबायचं की पूर्ण अवयव काढायचा? किंवा गाठ काढून झाली आहे, पण कडेला रोग शिल्लक तर नाही ना?

एरवी अशी तपासणी सावकाश होते. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवतात, पातळ काप काढून रंग देतात आणि मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. याला एक ते काही दिवस लागतात. पेशंटला तेवढा वेळ टेबलावर झोपवून ठेवता येत नाही. म्हणून एक झटपट पद्धत आहे. तिला फ्रोझन सेक्शन म्हणतात. तुकडा मेणात न बसवता थेट गोठवायचा. क्रायोस्टॅट नावाच्या, उणे २० अंशांच्या आसपास थंड ठेवलेल्या यंत्रात त्याचे साधारण ५ मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, म्हणजे एका मिलिमीटरचे दोनशे भाग केले तर त्यातला एक. मग झटपट रंग द्यायचा, बघायचं आणि थिएटरमध्ये कळवायचं.

अमेरिकेतल्या कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स या संस्थेच्या पाहणीतून एक मापदंड रुजला आहे. एकाच तुकड्याची केस असेल तर दहापैकी नऊ वेळा २० मिनिटांत उत्तर गेलं पाहिजे. वीस मिनिटं! आपल्याकडे कोटेशन पाठवायलासुद्धा यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. ही झटपट पद्धत सावकाश पद्धतीएवढी चांगली नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत असतं. गोठवताना पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशींचं चित्र बिघडतं. चरबी नीट गोठत नाही. हाड तर असं कापताच येत नाही. शिवाय वेळ कमी, म्हणून मोठ्या गाठीतले एक-दोन तुकडेच बघून होतात. हे कोणी लपवत नाही. ते गृहीत धरूनच पुढची सगळी व्यवस्था उभी केली आहे. आपल्याला शिकायची आहे ती ही व्यवस्था.

उशिरा आलेलं बरोबर उत्तर

इतिहासातली एक छोटी गोष्ट. १८९१ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला विल्यम वेल्च यांनी हॉलस्टेड या नावाजलेल्या सर्जनच्या एका ऑपरेशनसाठी तुकडा गोठवून तपासला होता. उत्तर मिळालं, पण तोपर्यंत ऑपरेशन संपलं होतं. पुढे १९०५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये सर्जन विल्यम मेयो यांनी पॅथॉलॉजिस्ट लुई विल्सन यांच्याकडे मागणी धरली, की पेशंट टेबलावर असतानाच गाठीबद्दल सांगता येईल असं काहीतरी करा. विल्सन यांनी तुकडा गोठवून, कापून, मिथिलीन ब्लू रंग देऊन काही मिनिटांत उत्तर देणारी पद्धत बसवली आणि त्याच वर्षी ती प्रसिद्ध केली. तिथून हे काम रोजच्या वापरात आलं.

म्हणजे वेळ हा क्वालिटीचाच भाग आहे. दिवाळीनंतर पोचलेला फराळ कितीही खुसखुशीत असला तरी त्याचा उपयोग नाही. म्हणून मी "घाई करू नका, क्वालिटी सांभाळा" असं सांगणारा ट्रेनर नाही. घाई करा. ग्राहकाला ती हवी असेल तर ती तुमच्या मालाचाच एक गुण आहे. पण घाईत घेतलेल्या निर्णयाची नंतर निवांत तपासणी झाली नाही, तर तो जुगार आहे. दोन-चारदा लागतो, म्हणून आपल्याला आपण हुशार वाटायला लागतो, एवढंच.

९८ टक्के हा आकडा आला कुठून?

आता मुख्य मुद्दा. १९९६ साली अमेरिकेत ४६१ संस्थांमधल्या ९०,००० हून जास्त फ्रोझन सेक्शनचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे उत्तर दिलं गेलं होतं, तिथे ते ९८ टक्क्यांहून जास्त वेळा नंतरच्या पक्क्या तपासणीशी जुळलं.

बहुतेक लोक हा आकडा ऐकून "वा!" म्हणतात आणि पुढे जातात. मला मात्र दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हा आकडा त्यांना कळला कसा?

कळला, कारण फ्रोझन सेक्शन केलेला तुकडा नंतर फेकून देत नाहीत. रिपोर्ट गेला, ऑपरेशन झालं, सर्जन घरी गेले, तरी उरलेला तोच तुकडा पुन्हा सावकाश पद्धतीने, फॉर्मॅलिन-मेण-काप असा सगळा प्रवास करून तपासला जातो. आणि घाईत काय म्हटलं होतं आणि निवांतपणे बघितल्यावर काय निघालं, हे शेजारी शेजारी ठेवून ताडलं जातं. जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर लिहायचं आणि कारण शोधायचं. हे फक्त संशय आला तेव्हा करायचं नाही, कायम करायचं.

आता आपल्याकडे या. समजा तुमचं शाळेचे युनिफॉर्म शिवण्याचं युनिट आहे. जून उजाडला, शाळा सुरू व्हायला आठ दिवस आणि ३०० नगांची ऑर्डर. कापड आलं, कटिंग झालं, शिलाई झाली, काज-बटण झालं. टेप लावून दोन-चार नग मोजले, शिवण ओढून बघितली आणि माल गाडीत. हे तुमचं फ्रोझन सेक्शन झालं. यात काही चूक नाही, वेळ तेवढाच होता.

पण पक्की तपासणी कुठे आहे? त्याच लॉटमधला एक नग बाजूला काढून, तीनदा धुऊन, वाळवून, परत टेप लावली का? रंग गेला का, कापड किती आटलं, बटण सुटलं का, हे बघितलं का? नाही बघितलं, तर तुमचं काम किती टक्के बरोबर होतं हे तुम्हाला माहीत नाही. "आमच्याकडे तक्रारच येत नाही" हे उत्तर मला नेहमी मिळतं. मंडळी, तक्रार न येणं आणि चूक नसणं यात फार फरक आहे. बरेच पालक तक्रार करत बसत नाहीत. पुढच्या वर्षी गुपचूप दुसऱ्या दुकानात जातात.

आणि ९८ टक्के म्हणजे नक्की किती, तेही बघा. ३०० युनिफॉर्ममध्ये सहा मुलं. पहिल्याच दिवशी बाही तोकडी झालेली सहा मुलं. टक्केवारीत छान दिसणारी गोष्ट माणसांमध्ये मोजली की अंगावर येते. ऑपरेशन थिएटरमध्ये तर प्रत्येक न जुळलेली केस म्हणजे कदाचित एखाद्याचं दुसरं ऑपरेशन.

चूक कोणाची, यापेक्षा चूक कुठली

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगाची वाटते. रिपोर्ट न जुळण्याची कारणं वेगवेगळी करून बघितली, तेव्हा पॅथॉलॉजिस्टने चित्र बघून चुकीचा अर्थ लावला अशा केस साधारण एक तृतीयांश होत्या. उरलेल्यांत बहुतेक ठिकाणी बघणाऱ्याची चूकच नव्हती. रोगाचा भाग त्या कापात आलाच नव्हता. म्हणजे गाठीच्या ज्या कोपऱ्यात रोग होता, तो कोपरा घेतला गेला नाही, किंवा गोठवलेल्या तुकड्याचा तो थर कापलाच गेला नाही. नजर चांगली होती, नमुना चुकीचा होता.

आपल्या धंद्यात आपण काय करतो? नग खराब निघाला की सरळ चेकिंगच्या मुलीला ओरडतो. "डोळे कुठे होते तुझे?" अहो, तिने बंडलमधला सगळ्यात वरचा नग तपासला. तो बरोबरच होता. कापडाचे चाळीस थर एकावर एक ठेवून कटिंग केलं, खालचे थर सरकले आणि तळातले नग अर्धा इंच कमी निघाले. तिने दिवसभर डोळे फाडून वरचेच नग बघितले असते तरी ही चूक सापडली नसती. इथे ओरडून उपयोग नाही. वरचा एक, मधला एक आणि तळातला एक नग घ्यायचा, एवढा नियम बदलला की काम होतं. पोत्याच्या तोंडाशी हात घालून मिरची पारखणाऱ्या मसालेवाल्यालाही हेच लागू आहे.

म्हणून चुकांची नोंद ठेवताना कारणांचे चार कप्पे करा. पॅथॉलॉजीच्या लॅबमध्येही साधारण असेच असतात.

पहिला, नमुना चुकला. जे बघायला हवं होतं ते बघितलंच गेलं नाही.

दुसरा, समज चुकली. बघितलं, पण अर्थ चुकीचा लावला. इथे ट्रेनिंग लागतं, किंवा शंका असेल तिथे दुसऱ्याची नजर लागते. पॅथॉलॉजिस्टही अवघड स्लाइड शेजारच्या सहकाऱ्याला दाखवतात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

तिसरा, साधन चुकलं. क्रायोस्टॅटचं पातं बोथट असेल किंवा तापमान बिघडलं असेल तर काप फाटतो. आपल्याकडे वर्षभर वापरलेली कापडी टेप ताणली जाते आणि सगळी मापं चुकतात. वजनकाट्याचंही तेच.

चौथा, निरोप चुकला. यावर थोडं वेगळं बोलू.

दीडशे की अडीचशे?

घाईच्या कामात बरोबर उत्तर चुकीचं पोचण्याचा धोका मोठा असतो. थिएटरमध्ये मॉनिटरचे आवाज, तोंडावर मास्क, इंटरकॉमची खरखर. "कॅन्सर दिसत नाही" मधला "नाही" ऐकू आला नाही तर? म्हणून चांगल्या ठिकाणी रीत ठरलेली असते. उत्तर शक्यतो थेट सर्जनलाच द्यायचं. आधी पेशंटचं नाव आणि नंबर, मग उत्तर. ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं. आणि काय सांगितलं, कोणाला सांगितलं, किती वाजता, हे लेखी ठेवायचं.

आता तुमच्या फोनवरच्या ऑर्डरी आठवा. रस्त्यावर उभं राहून पार्टी म्हणते "अडीचशे पाठवा", आपण ऐकतो "दीडशे". "परवा" म्हणजे मंगळवार की बुधवार? मग भांडण, आणि दोघंही आपापल्या परीने खरेच. फोन ठेवण्यापूर्वी "दादा, परत सांगतो: दोन पाच शून्य नग, निळा रंग, बुधवारी सकाळी" एवढं म्हणायला दहा सेकंद लागतात. त्यानंतर तेच व्हॉट्सअॅपवर टाका. यासाठी ना मशीन लागतं, ना कर्ज.

"आत्ता सांगता येणार नाही" म्हणायची हिंमत

हा मुद्दा आपल्या लोकांना सर्वांत अवघड जातो, म्हणून ठळकपणे सांगतो.

फ्रोझन सेक्शनमध्ये पॅथॉलॉजिस्टकडे तीन उत्तरं असतात. हो, नाही, आणि "यावर आत्ता निकाल देत नाही, पक्क्या तपासणीनंतर सांगतो". हे तिसरं उत्तर मान्य उत्तर आहे. त्याची वेगळी नोंद होते. उदाहरणार्थ, थायरॉइडच्या काही गाठींमध्ये कॅन्सर आहे की नाही हे गाठीच्या आवरणाला कुठे छेद गेलाय का, यावर ठरतं. त्यासाठी आवरण ठिकठिकाणी तपासावं लागतं. वीस मिनिटांत एक-दोन काप बघून ते छातीठोकपणे सांगता येत नाही. अशा वेळी जाणकार पॅथॉलॉजिस्ट अंदाज ठोकत नाही, थांबतो. कारण चुकून "कॅन्सर आहे" म्हटलं आणि सर्जनने अवयव काढला, तर तो परत लावता येत नाही. आकडेवारीतही हे दिसतं. न जुळलेल्या रिपोर्टमध्ये रोग नजरेतून सुटल्याच्या केस जास्त असतात, नसलेला रोग "आहे" म्हटल्याच्या कमी. जी चूक परत फिरवता येत नाही तिथे लोक जास्त सांभाळून बोलतात.

आपल्याकडे मात्र "हो सर, होऊन जाईल" हे धंद्याचं ब्रीदवाक्य झालंय. नवीन कापड आहे, रंग पक्का आहे का माहीत नाही, पण "एकदम गॅरंटी!" का हो? "कापड नवीन आहे, आज रात्री धुऊन बघतो, उद्या बारा वाजता सांगतो" असं म्हटल्याने ऑर्डर जाते, ही भीती बऱ्याचदा मनातलीच असते. समंजस गिऱ्हाइकाला ठरलेल्या वेळी मिळणारं खरं उत्तर आवडतं. मात्र "बघतो" म्हणून गायब व्हायचं नाही. थांबायला सांगितलं तर कधी सांगणार, ते त्याच वाक्यात आलं पाहिजे.

आणि हो, उलटा रोगही असतो. प्रत्येक गोष्टीला "नंतर सांगतो" म्हणणारा पॅथॉलॉजिस्ट कधीच चुकणार नाही, पण सर्जनला त्याचा काय उपयोग? म्हणून चांगल्या लॅब दोन्ही मोजतात. किती चुकलं आणि किती वेळा उत्तर टाळलं. फक्त चुका मोजल्या तर माणसं उत्तर द्यायचंच बंद करतात. फक्त वेग मोजला तर वाट्टेल ते ठोकून देतात. तुम्ही सेल्सच्या मुलाला फक्त टार्गेट देता आणि चेकिंगवाल्याला फक्त रिजेक्शन विचारता, तेव्हा नेमकं हेच होतं.

प्रत्येक ठिकाणी तपासणी हवीच असं नाही

क्वालिटी म्हणजे सगळं सगळीकडे तपासणं, असा काहींचा समज असतो. तो खर्चिक समज आहे. फ्रोझन सेक्शनचा एक साधा नियम आहे: उत्तरामुळे ऑपरेशन बदलणार नसेल तर मागवू नका. नुसती उत्सुकता म्हणून मागवलं तर वेळ जातो, आणि तुकडा छोटा असेल तर पक्क्या तपासणीला काही उरतच नाही.

आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट आपल्याकडे किती, हे तंबाखू आणि गुटखा बघणाऱ्या कोणालाही सांगायला नको. या ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त आहेत का, हे बघायला फ्रोझन सेक्शन करतात. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी आपल्याच पेशंटची आकडेवारी घेऊन हा प्रश्न जाहीरपणे विचारला, की प्रत्येक वेळी याचा खर्चाच्या मानाने फायदा होतो का? की काढलेला भाग नुसत्या नजरेने नीट बघून, कडेचं अंतर मोजून बरंचसं काम भागतं? त्यांच्या अभ्यासांचा कल दुसऱ्या बाजूला होता. यावर डॉक्टरांमध्ये मतभेद असू शकतात, तो त्यांचा विषय. मला भावतं ते हे, की एवढ्या मोठ्या संस्थेने "आपण नेहमी करतो म्हणून करत राहू" असं म्हटलं नाही. स्वतःचीच तपासणी पद्धत तपासून बघितली.

तुम्हीही बघा. पॅकिंगच्या रिबनचा रंग तपासायला वीस मिनिटं, आणि कापड आटतं का ते बघायला शून्य? ज्या तपासणीने निर्णय बदलतो तिथे वेळ घाला. बाकीची सोडून द्या.

"सर, आम्ही चार माणसं. हे सगळं मोठ्यांचं."

हा आक्षेप येणार, माहीत आहे. त्याला माझं उत्तर असं.

२००६ साली अमेरिकेतल्या १७४ संस्थांची पाच वर्षांची आकडेवारी प्रसिद्ध झाली. या संस्था आपले फ्रोझन आणि पक्के रिपोर्ट सतत ताडून बघणाऱ्या कार्यक्रमात होत्या. जितकी जास्त वर्षं संस्था मोजत राहिली, तितकं तिचं न जुळण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. कोणी म्हणेल, जे मुळात काळजीवाहू तेच टिकून मोजत राहिले असतील. असेलही. पण मोजणं ही स्वस्त गोष्ट आहे. तिला वही आणि पेन लागतं. चार माणसांच्या युनिटला तर ते जास्त सोपं, कारण चूक कुठल्या टेबलावर झाली ते लगेच दिसतं.

अडचण पैशाची नाही, मनाची आहे. वहीत चूक लिहिली की पगारातून कापणार, असं एकदा झालं की त्या वहीत पुन्हा चूक दिसणार नाही. चुका होतच राहतील, फक्त वही स्वच्छ दिसेल. म्हणून माझं ठाम मत आहे की चुकांची वही आणि पगाराची वही एकमेकींना भेटता कामा नयेत. हलगर्जीपणावर बोलायचं तर वेगळं बोला, समोर बसून बोला. या वहीचं काम कारण शोधणं आहे.

लॅबच्या धंद्यात येणाऱ्यांसाठी दोन शब्द

आपल्या वाचकांत डीएमएलटी झालेली बरीच मुलंमुली आहेत. कोणाला कलेक्शन सेंटर काढायचंय, कोणाला छोटी लॅब. तुम्हाला हे उदाहरण नाही, हा तुमचा थेट अभ्यासक्रम आहे. बोर्डावर "१०० टक्के अचूक, तासाभरात रिपोर्ट" लिहू नका. जगातल्या चांगल्या चांगल्या लॅब शंभर टक्के म्हणत नाहीत, कारण त्या मोजतात. रिपोर्टवर सही नियमाप्रमाणे पात्र असलेल्या व्यक्तीचीच लागते, तिथे शॉर्टकट शोधू नका. सुरुवातीपासून नमुन्याच्या लेबलची, वेळेची आणि फेरतपासणीची नोंद ठेवा. उद्या एनएबीएलच्या मान्यतेसाठी अर्ज कराल, तेव्हा तिथे आयएसओ १५१८९ च्या हिशोबाने हेच विचारलं जाणार आहे: तुमची चूक तुम्हाला कशी कळते, आणि कळल्यावर तुम्ही काय करता?

खरं तर हा प्रश्न आपल्या सगळ्यांनाच लागू आहे. फरक एवढाच, की युनिफॉर्मवाल्याला तो कोणी अधिकारी येऊन विचारत नाही. त्याने तो स्वतःलाच विचारायचा.

या आठवड्याचं काम

एक दोनशे पानी वही घ्या. चार रकाने आखा: तारीख, घाईत काय ठरवलं, निवांत तपासल्यावर काय निघालं, आणि फरक असेल तर कारण कुठलं (नमुना, समज, साधन, निरोप). "उत्तर द्यायचं थांबवलं" अशा नोंदीही यातच करा. सगळ्या धंद्यासाठी एकदम करू नका. एकच गोष्ट निवडा. शिलाईवाल्यांनी कापड आटण्याची, मसालेवाल्यांनी वजनाची, केटरिंगवाल्यांनी माणसांच्या अंदाजाची, मशीन शॉपवाल्यांनी एखाद्या महत्त्वाच्या मापाची. प्रत्येक लॉटमधला एक नग किंवा एक पुडा मागे ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सावकाश तपासा. जुळला तरी लिहा, नाही जुळला तरी लिहा.

महिनाअखेरीस बेरीज करा. किती जुळलं, किती नाही, किती वेळा थांबलो. आकडा वाईट आला तर घाबरू नका, निदान तो आता तुमच्या हातात आहे. सगळंच जुळतंय असं दिसलं, तर मात्र आधी आपण नमुना तळातून घेतोय ना, ते बघा.

पुढच्या महिन्याच्या लाइव्हमध्ये आपण काही जणांच्या वह्या उघडून बसू, नाव न सांगता. ज्यांची तयारी आहे त्यांनी एका पानाचा फोटो पाठवा. चुकांनी भरलेलं पान असेल तर आधी ते घेऊ.

भेटू. काम चालू ठेवा.